रविवारी शेजारणीचा कापूस

नागपूरहून आदिलाबादची बस सुटली तेव्हा माझ्या पिशवीत दोन शर्ट, बायकोने दिलेल्या दशम्या, एक पलंगपोस आणि एक लांबलचक उपदेश होता. नव्वदच्या आसपासची गोष्ट. बायकोचे मावसभाऊ दावीद आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेल्याजवळच्या एका खेड्यात ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. त्यांनी मला रविवारच्या उपासनेत बोलायला बोलावलं होतं. विषय मीच निवडला: विश्वास नुसता तोंडात नको, हातात दिसला पाहिजे. घरी आरशासमोर तालीम केली, तर धाकटी म्हणाली, "बाबा, आरशाला जांभया येताहेत."

पैनगंगेचा पूल ओलांडला की पाट्यांवरची लिपी बदलते. माणसं मात्र तीच राहतात, तीच धोतरं, तेच बैल. आदिलाबादच्या खानावळीत पानावर पप्पू (घट्ट वरण) आलं आणि गोंगुऱ्याची पचडी (अंबाडीची चटणी) आली. अंबाडी म्हणजे आपलीच, अशा समजुतीने मी मोठा घास घेतला. वाढप्याने काही न विचारता ताकाचा पेला पुढे ठेवला. माझ्यासारखे रोज येत असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल्याच्या बसमधून उतरलो. डिसेंबरात येऊ नये असं आभाळ आलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटून शेतं पांढरीफेक पडली होती. समोरून आदिलाबादला जाणारी बस आली. थांब्यावरच्या एका बाईने पायरीवर पाय ठेवला, आभाळाकडे पाहिलं, मागे शेताकडे पाहिलं आणि पाय काढून घेतला. बस निघून गेली. ती डबा पोटाशी धरून तिथेच उभी राहिली.

मला न्यायला आलेल्या दाविदभाऊंनी वाटेत सांगितलं, की ती शेजारची कमलाबाई. नवऱ्याला, नामदेवला, शेतात साप चावला. त्याच्या भावाने त्याला आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण तो भाऊ आता परतायचा होता आणि नामदेवजवळ दुसरं कोणी नव्हतं. इकडे पाऊस आला तर वर्षाचा कापूस मातीत. मजूर मिळत नव्हते, कारण आभाळ पाहून जो तो आपापल्या शेतात.

"तुमचे लोकही शेतातच असतील मग," मी काळजीने म्हणालो. काळजी माझ्या श्रोत्यांची होती.

तसं नव्हतं. ही मंडळी रविवारी स्वतःच्या शेताला हात लावत नसत. गाव त्यांना 'रविवारवाले' म्हणून चिडवत असे, तरीही. सारवलेल्या खोलीत सगळे धुतलेले कपडे घालून बसले होते आणि अधूनमधून दारातून आभाळाकडे बघत होते.

पहिलं गीत झालं आणि मी उठणार, तेवढ्यात मार्थामावशी उठल्या. साठीच्या, बारक्या चणीच्या.

"कमला थांब्यावर उभी हाय. तिकडं माणूस, इकडं कापूस. आपुन चाललो वेचाले, त ते बसमंदी बसंल."

शिमोन नावाचा तरणा शेतकरी म्हणाला, "आपला बी पांढरा पडूनच हाय न, मावशी. रविवार मोडाचाच हाय, त आपल्यासाठी मोडू."

मला त्याचं म्हणणं अगदी पटलं. दाविदभाऊ म्हणाले, "आपल्यासाठी वेचला त मोडला, शिमोन. तिच्यासाठी वेचला त पाळला."

शिमोन उठला, चपला घातल्या आणि स्वतःच्या शेताकडे चालता झाला. त्याला कोणी अडवलं नाही. मी हळूच विचारलं, की मग उपदेशाचं काय?

"सांजच्याले ऐकू जी," मार्थामावशी म्हणाल्या. "उपदेश भिजत नाई."

मंडळी थांब्यावर गेली. कमलाबाईने घराची किल्ली मावशींच्या हातात दिली आणि पुढची बस धरली.

या भागात वेचणी बायकांचं काम. पुरुष गाठोडी उचलतात, वेचायला वाकत नाहीत. त्या दिवशी पाळकांसकट सगळे वाकले. रस्त्याने जाणाऱ्या बैलगाडीवाल्याने विचारलं, "काय जी, बाप्ये काऊन लुगडी नेसून राह्यले?" कारण आम्ही कापूस टाकायला कमरेला बायकांसारख्या ओट्या बांधल्या होत्या. माझी ओटी म्हणजे बायकोने दिलेला पलंगपोस. ती दोनदा सुटली. बोंडाची वाळलेली टोकं बोटांत घुसत होती, म्हणून मी बोंडच तोडू लागलो.

"पाव्हणे," मावशी म्हणाल्या, "कापूस घ्या, झाड राहू द्या."

दुपार कलली तेव्हा गाठोड्यांचा ढीग झाला, पण न्यायला गाडी नव्हती. मग धुऱ्यावरून (बांधावरून) शिमोनची गाडी आली. त्याचा निम्मा कापूस अजून झाडावरच होता. त्याने गाठोडी भरली, दोन खेपा केल्या. शेवटचं गाठोडं कमलाबाईच्या घरात पडलं आणि पाऊस सुरू झाला. मंडळी ओसरीत उभी राहून आपापल्या शेतांच्या दिशेने बघत होती. उपदेशाची कोणी आठवण काढली नाही, मीही नाही.

सोमवारी सकाळी मावशींनी दिलेल्या भाकऱ्या घेऊन आदिलाबादच्या दवाखान्यात गेलो. नामदेव उशीला टेकून बसला होता, पाय सुजलेला. कमलाबाईने आधी विचारलं, "माहा कापूस?"

"घरात आहे. कोरडा."

"आन तुमच्या लोकायचा?"

मी म्हणालो, "झाडावर. भिजला."

ती पदर खोचून उठली. "ऊन पडलं हाय. आज वेचून वाळवला त हाती लागंल. मंग मी काऊन इथं बसून राह्यली?" तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "जाय."

"भाऊ, माहा दीर येते सांजच्याले," ती मला म्हणाली. "तवरक तुमी बसा यायच्यापाशी." 'बसता का' असं तिने विचारलंच नाही. माझी नागपूरची बस अर्ध्या तासात होती. मी बसलो. दिवसभर पाणी दिलं, पाय उशीवर नीट ठेवला, आणि नामदेवकडून सापाची गोष्ट इतक्या वेळा ऐकली की संध्याकाळपर्यंत साप बराच वाढला होता. मग त्याचा भाऊ आला, त्याने सांगितलं, की कमलाबाई उतरली ती थेट शिमोनच्या शेतात गेली.

घरी परतताना पुलावर बस थांबली आणि मी नदी बघत बसलो. रविवारी आम्ही शेतात गेलो त्याला आमच्यात 'शेजाऱ्यावर प्रीती' असं नाव आहे. त्यावर मी तासभर बोलू शकतो. सोमवारी कमलाबाई आजारी नवऱ्याला परक्या माणसाच्या हवाली करून शिमोनच्या पराटीत (कपाशीत) वेचायला गेली, त्याला तिच्याकडे काय म्हणतात, हे विचारायचं राहून गेलं. विचारलं असतं, तरी ती सांगायला थांबली नसती. तिची बस लागली होती.