बॉनेटच्या अलीकडे

गाडी सिग्नलला थांबली की बंद पडायची. किल्ली फिरवली की सुरू व्हायची आणि पुढच्या चौकात पुन्हा तेच. मागचे हॉर्न वाजवायचे. एखादा शेजारून जाताना मुद्दाम वाकून आत बघायचा, बाई चालवते आहे म्हणून. मीही त्याच्याकडे बघायचे, तो नजर वळवेपर्यंत.

वाटेत बंद पडून अडकायच्या भीतीपायी दोन रविवार मी भिलाई-३ ला गेले नाही. तिथे माझी थोरली बहीण राहते. तिचे गुडघे गेल्यापासून ती घराबाहेर पडत नाही, आणि मी गेले नाही तर समोर बसून मराठीत बोलायला मला आठवडाभर कोणी नसतं. इथे कोहक्यातले हिंदी बोलणारे शेजारी चांगले आहेत, पण फाटकं लावून घेतात. सेक्टर दोनला प्लांटच्या क्वार्टरमध्ये होतो तेव्हा कुकरची शिट्टी झाली तरी पलीकडून कोणी विचारायचं, आज काय शिजवलं म्हणून.

मुलगी फोनवर म्हणाली, "विकून टाक ना आई. टॅक्सी बुला लिया करो." टॅक्सी जाताना मिळते, येताना मिळत नाही, हे पुण्यात बसून तिला कळणार नाही. आणि ही गाडी मला तिच्या वडिलांनी शिकवली होती, हे तिला कळत असूनही ती बोलत नाही. ऐकावं जनाचं, करावं मनाचं. मेकॅनिकला बोलावण्याचाही मला कंटाळा आला होता. जो येतो तो आधी घराकडे बघतो आणि विचारतो, "साहब नहीं हैं क्या?" नाहीत. आठ महिन्यांपासून नाहीत. हे वाक्य गाडीसाठी पुन्हा म्हणायची माझी तयारी नव्हती.

यांचा जन्म स्टील प्लांटच्या मेंटेनन्समध्ये गेला. तिथे चालत्या यंत्राला हात लावायचा म्हणजे आधी त्याची वीज बंद, स्विचवर आपल्या नावाचा टॅग, आणि आत गेलेला माणूस स्वतःच्या तोंडाने "बाहेर आलो" म्हणेपर्यंत कोणी काही सुरू करायचं नाही. तो नियम त्यांनी घरी आणला. मिक्सरचं भांडं अडकलं तरी प्लग काढून माझ्या हातात द्यायचे.

गाडीचं काम निघालं की मी ड्रायव्हरच्या सीटवर, किल्ली मुठीत. बॉनेट वर असल्यामुळे काचेतून नुसता पत्रा दिसायचा, माणूस दिसायचा नाही. पलीकडून आवाज यायचा, "चावी कोनापाशी?"

"माह्यापाशी."

मग तासभर खुडबुड. शेवटी मी विचारायचं, "हात बाहेर काय हो?"

"बाहेर. मार सेल्फ."

त्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. क्वार्टरमधल्या बाया हसायच्या, "झाली काय तुमची पूजा?" मलाही वैताग यायचा. भाजी करपायची, आणि मी आपली मूठ आवळून पत्र्याकडे बघत बसलेली. आता वाटतं, माझ्यावाचून ज्याचं काम अडतं असं जगात एक माणूस होतं.

तर त्या रविवारी सकाळी मी स्वतःच बॉनेट उघडलं. गाडी बंद का पडते ते त्यांच्या बडबडीतून ठाऊक होतं. इंजिनात हवा जिथून जाते तिथे एक गोल झडप असते, थ्रॉटल म्हणतात तिला, आणि तिच्या कडेला काजळी साचते. सुपेल्याच्या बाजारातून काजळी काढायचा स्प्रे आणि सांध्यात बसवायची नवी गॅसकेट आणून ठेवली होती. बॅटरीची तार काढली. आता किल्ली कुठे ठेवायची? सीटवर ठेवली, बरं वाटेना. ओढणीला बांधली, तर ओढणीच इंजिनात लोंबायला लागली. ते असते तर ओरडले असते. शेवटी देवघरात नेऊन ठेवली. घरात माझ्याशिवाय देव तेवढेच होते.

हवेचा जाड पाइप काढला, तारा सोडवल्या, चारपैकी तीन बोल्ट सैल केले. चौथा हलेचना. मी त्याला मराठीत शिव्या दिल्या, कुणाला कळण्याची भीती नव्हती. शेवटी तोही सुटला आणि थ्रॉटल हातात आलं, तेव्हा आतून तव्याच्या बुडासारखं काळं होतं. इंजिनाच्या उघड्या तोंडात फडकं कोंबलं, कचरा आत पडू नये म्हणून, आणि जुनी गॅसकेट नखाने खरवडून काढली. स्प्रे मारून पुसत राहिले. झडपेची पितळी चकती चमकली तेव्हा दाखवायला मान वर केली. तुळस होती आणि फाटक होतं. मला रडू आलं. हात काळे होते म्हणून दंडाने डोळे पुसले.

फडकं आठवणीने काढलं. नवी गॅसकेट बसवली, बोल्ट त्यांच्यासारखे तिरप्या क्रमाने, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले. पाइप, तारा, बॅटरी. मग देवघरातून किल्ली आणली आणि सीटवर बसले. समोर पत्रा.

किल्ली घातली, पण हात फिरेना. सवय ती सवय. मी विचारलं, "हात बाहेर काय हो?"

कोहक्यात भर सकाळी इतकं शांत असतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

स्टिअरिंगवरचे माझे काळे हात बघितले. "बाहेर," मी म्हटलं, आणि सेल्फ मारला.

गाडी आधी खोकली, एकदम जोरात गुरगुरली, मग हळूहळू खाली आली आणि ठरली. बंद पडली नाही. जमलं म्हणून हसू आलं, आणि तरी मी उतरले नाही. बॉनेट वर होतं तोवर पलीकडे कोणी नाही हे दिसत नव्हतं. मी पेट्रोल जाळत बसून राहिले.

फोन वाजला. ताई होती. "आज तरी येऊन राहिली काय? भाकरी टाकू का?"

"टाक. बॉनेट लावतो अन् निघतो."

उतरून पुढे गेले आणि बॉनेट खाली आणलं. मी त्यांच्या जागी उभी होते. इथून ते दरवेळी मला बघायचे आणि अंगठा दाखवायचे. काचेपलीकडे माझी सीट रिकामी होती, आणि गाडी चालू होती.