मातीत उतरलेली नात

सकाळी माझी बोटं आखडलेली असतात. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते, असा हा आजार. गोळ्या चालू आहेत, कामंही चालू आहेत. लेकीच्या डोक्यात मात्र एकच भीती : हे आपल्या मुलीला होऊ नये.

ती रांगत्या नातीला घेऊन नागपूरला आली आणि सदर भागातल्या आमच्या फ्लॅटमधली फरशी जंतुनाशकाने सतत पुसायला लागली. नातीला पलंगावरून खाली उतरू देईना. मग लेकीने कुठेतरी वाचलं की फार स्वच्छतेत वाढलेल्या मुलांच्या प्रतिकारशक्तीला नीट वळण लागत नाही. झालं! लगेच उमरेडला माझ्या भावाकडे जायचं ठरलं. तिथे तिने नातीला थेट बकऱ्यांसमोर सोडलं.

"काहून वं," वहिनी म्हणाली, "आतापर्यंत पोरीले कपाटात ठेवून राहिली होती, अन् आज एकदम गोठ्यात?"

"मातीत खेळू दे, मामी. आणि आई, सोमवारची गोवराची लस मी देणार नाहीये. तिचं शरीर आपलं आपण लढायला शिकेल."

माती मला चालली असती. लस चुकणं चालणार नव्हतं.

"मी याच घरात वाढले," मी म्हटलं. "तुझे आजोबा मागावर विणायचे, मी खाली सुताच्या तुसात लोळायची. बकरीचं दूध न तापवता प्यायची. तरी हे हात बघ. तुझा मामाही त्याच धुळीतला, तो अजून पोती उचलतो."

"म्हणजे ते सगळं खोटं?"

"खोटं नाही. माझे डॉक्टर म्हणतात, त्यात तथ्य असावं, पण तेवढं एकच कारण नसतं. आणि लस हे शरीराला शिकवणंच आहे. आमची धाकटी बहीण याच ओसरीवर गोवराने गेली. तिला कुणी लस दिली नव्हती."

लेकीने वहिनीला दवाखान्याची वेळ विचारली. वहिनीने नातीला उचलून कडेवर घेतलं.

सोमवारी तिथल्याच दवाखान्यात लस टोचली. नातीने दवाखाना डोक्यावर घेतला. पुढे तिला जरा ताप आला. तो उतरेपर्यंत लेक माझ्याशी धड बोलली नाही. ताप उतरला तशी नात पुन्हा बकऱ्यांकडे रांगत गेली आणि लेंड्या मुठीत धरून परतली. लेकीने तिला काखोटीला मारलं.

"मामी, साबण कुठे आहे?"

"न्हाणीत पाह्य वं, बकरीनं खाल्ली नसन तर."