खाडीत ऐकू आलेला ‘श’

आमचं घर धम्म घेतलेलं. वडिलांनी गावच्या घरातला देव्हारा स्वतः उतरवला होता, त्यामुळे भूत-पिशाच्च, अंगात येणं, असल्या गोष्टींना आमच्याकडे कधी थारा मिळाला नाही. मी शाळेत मराठी शिकवते. मुलांनी अशा कथा सांगितल्या की त्यांना कारणं शोधायला लावते. म्हणून हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय... पण दादा आता राहिला नाही, आणि त्याच्याबद्दलची ही गोष्ट फक्त माझ्यापाशी उरू नये असं वाटतं.

दादा माझा थोरला भाऊ. फौजेत होता, एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेकडे. त्यांच्या पलटणीत एक धर्मगुरू होते, सगळे त्यांना पंडितजी म्हणत. उत्तरेकडचे, संस्कृत शिकलेले. पलटणीत बौद्ध पोरं बरीच होती, पण भंते कोणी नव्हते. तेव्हा पंडितजी आपणहून दादाकडून त्रिशरण शिकले आणि दर पौर्णिमेला या पोरांसोबत बसू लागले. फक्त एक गोष्ट त्यांना शेवटपर्यंत जमली नाही. आपण पालीत ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हणतो. ते ‘शरणं’ म्हणायचे.

“पंडितजी, स! सशाचा स!” पोरं ओरडायची.

“अरे भाई, जीभ पर व्याकरण बैठा है, मैं क्या करूँ?”

लढाईत दादाच्या मांडीत गोळी लागली आणि तो भाताच्या खाचरात पडून राहिला. समोरून मारा चालू होता, स्ट्रेचरवाल्यांना पुढे जाता येईना. धर्मगुरूकडे हत्यार नसतं. तरीही पंडितजी सरपटत त्याच्यापाशी गेले. दादाला झापड येऊ लागली की ते कानाशी त्रिशरण म्हणत — तेच ‘शरणं’ — आणि दादा शुद्धीवर राही. संध्याकाळी मदत पोचली तेव्हा दादा जिवंत होता. पंडितजी नव्हते.

एवढंच दादाने आम्हाला सांगितलं होतं. पुढे बेलापूरला एका ऑफिसात त्याला नोकरी लागली, नव्या वसाहतीत खोली मिळाली. मीही दादा-वहिनींकडेच राहायला आले. पण डिसेंबर आला की दादा बदलायचा. जेवायचा नाही. “माझ्यासाठी एक माणूस मेला, आणि मी इथे फायली लावतोय,” म्हणायचा. पंडितजी गेले तो नेमका दिवस उजाडला की बाहेर पडायचा, अंधार पडल्यावर परत यायचा. वहिनी आणि मी दार उघडं टाकून बसायचो. या वर्षी येईल ना, एवढा एकच विचार.

त्या वर्षी मी दुपारी शाळेतून आले तर वहिनी जिन्यातच उभ्या.

“ताई, काठी घरीच ठेवून गेलेत हो.”

मांडीतल्या गोळीमुळे काठीशिवाय दादाला धड चालता येत नसे. आम्ही दोघी निघालो. ऑफिसकडचा रस्ता पाहिला, नाक्यावरचा चहावाला म्हणाला, “साहेब खाडीकडे गेले वाटतं.” तेव्हा खाडीकडे वस्ती नव्हतीच. जुनी मिठागरं, बांध, तिवरं आणि ओहोटीला उघडा पडणारा चिखल, एवढंच. बांधावर पोचलो तेव्हा भरती लागली होती.

समोरून एक कोळीण धावत येत होती, चिखलाने कमरेपर्यंत भरलेली. मागून तिचा नवरा आणि दीर लांब फळी घेऊन.

“गो बाय, लंगडा मानूस तुमचाच का?”

“हो! कुठे आहे?”

“रुतलाय तकडं. घाबरू नको, एकला नाय तो. दुसरा हाय त्याचे संगं, मांडी घालून बसलाय बाजूला, कायतरी बोलतंय.”

तिवरांच्या पलीकडे दादा मांडीपर्यंत रुतून पुढे कोसळला होता. पाणी त्याच्या छातीला लागत होतं. दोघांनी फळी टाकून त्याला ओढून काढला. दातखीळ बसली होती, अंग गार. दुसरं तिथे कोणी नव्हतं. चिखलात दुसऱ्या कुणाच्या पायांचा माग असेल तर तो पाण्याखाली गेला होता.

“दोन मानसं म्हनं!” नवरा तिच्यावर खेकसला. “कालची उतरली नाय वाटतं तुजी!”

“पितोस तू आन् उतरायची माझी? कानांनी आयकलं म्हनून तर गेलं ना मी तकडं! नायतर तिवरांमागं कोन बगतंय?”

मी तिचा हात धरला. “काय म्हणत होता तो, मावशी?”

“शरनं... शरनं... असं कायतरी.”

“स होता की श?”

“मला काय शाला शिकवतंस? शरनं! सांगितलं ना.”

वहिनी पदराने दादाच्या तोंडावरचा चिखल पुसू लागल्या.

मी कारणं शोधली, अगदी वर्गात शोधायला लावते तशी. ‘शरण’ हा शब्द मराठीत आहेच. ऐकलेला ‘स’ तिने आपल्या ओळखीच्या शब्दात बसवून घेतला असेल. बसलेला माणूस म्हणजे तिवराचं एखादं झुडूप असेल. पण मग म्हणत कोण होतं? डॉक्टरांच्या मते दादा बराच वेळ बेशुद्ध असावा. आणि दादाच म्हणाला असता तरी आमच्या घरात ‘श’ कोणी म्हणत नाही.

दादा हिंडू-फिरू लागल्यावर मी त्याला सारं सांगितलं.

“मला काहीच ऐकू आलं नाही गं, बाय,” तो म्हणाला. चेहरा पडला त्याचा. पंडितजी आले आणि आपल्याला कळलंसुद्धा नाही, हे त्याला सोसेना. मग त्याने विचारलं, “ती म्हणाली, बसला होता?”

“हो. मांडी घालून.”

“नीट विचारलंस ना? पडलेला नाही? बसलेला?”

“बसलेला, दादा.”

तेव्हा त्याने आजवर न सांगितलेलं सांगितलं. त्या खाचरात डोकं वर काढायची सोय नव्हती. पंडितजी दिवसभर त्याच्यावर पालथे पडून होते, त्याला झाकून. पाण्यात त्यांची पाठ आखडून गेली होती. मधूनच हसून म्हणायचे, “आज का दिन निकल जाए भाई, तो सबसे पहले पालथी मारके आराम से बैठूँगा.” त्यांच्या हिंदीत पालथी मारणं म्हणजे मांडी घालणं. गोळी त्यांच्या पाठीत लागली. दादाला त्यांच्याखालून काढलं, तेव्हाही ते पालथेच होते.

“बसला म्हणतेस ना,” दादा म्हणाला, “मग बरं झालं.” आणि लहान पोरासारखा रडला.

त्यानंतरच्या कुठल्याच डिसेंबरात तो बाहेर पडला नाही. त्या दिवशी घरीच असे, आमच्यासोबत जेवत असे. गेल्या पावसाळ्यात आजारपणात गेला, तो शांतपणे गेला.

त्या दुपारी खाडीत कोण होतं, हे मला आजही सांगता येत नाही. माझा भाऊ मात्र त्या दुपारनंतर घरी राहू लागला, एवढं मला ठाऊक आहे.