कुंकवाची जागा

वैशाली नगरातल्या एका छोट्या कारखान्यात मोनाली सर्किट बोर्डांचे नकाशे काढते. कुठला पुर्जा कुठं बसायचा, ते तिनं ठरवायचं. नवा बोर्ड झाला की पहिल्या नगाला कुंकू लावायची तिथली रीत. मागं एकदा कुंकू पुर्ज्यांत शिरून घोळ झालेला; म्हणून या खेपेला पोरीनं मोठ्या शहाणपणानं कुंकवापुरती जागाच मोकळी सोडली. त्यापायी व्होल्टेज रेग्युलेटरच्या शेजारचा कपॅसिटर उचलून पार दुसऱ्या टोकाला नेला.

रेग्युलेटर म्हणजे विजेचा दाब सांभाळणारा, अन् कपॅसिटर त्याचा पाण्याचा तांब्या. एकदम तहान लागली तर तांब्या उशाशी हवा, परसात ठेवून काय कामाचा?

बोर्ड होता गॅस गळाल्याची खबर देणाऱ्या, खिशाला अडकवायच्या छोट्या भोंग्याचा. मोनालीचे बाबा, गुलाबराव, एका प्लांटात गॅसच्या पाइपांवर कामाला. लेकीच्या हातचा म्हणून पहिला नग त्यांनी मागून घेतला, आणि आज छातीला लावून मिरवत ड्यूटीवर गेले.

दुपारी मोनालीनं दुसरा नग तपासला. दिवा झकास लागला. मग तिनं जरासा गॅस सोडला. भोंग्यानं जोरात ओरडायला एकदम वीज ओढली, एकदाच ‘टीं’ केलं आणि दिव्यासकट सगळं विझलं.

बाबांच्या छातीवरचा नगही याच नकाशाचा. अन् प्लांटातल्या त्या विषारी गॅसला ना वास, ना रंग. तिनं घरी फोन लावला.

"आई, बाबांचा जुना भोंगा?"

"हा काय, टीव्हीजवळ. म्हणे आता याची काय गरज! कावून वं, काय झालं?"

मोनालीनं तिला घाईघाईत सगळं सांगितलं. मग बाबांना लावला, तर त्यांचा फोन लॉकरात वाजत राहिला. मोनालीनं स्कूटी काढली. गेटापर्यंतच्या रस्त्यात प्रत्येक अँब्युलन्स तिला बाबांचीच वाटली.

"मैडम, अंदर नहीं जा सकते," गार्ड म्हणाला.

"भैया, मेरे पापा को बाहर बुलाओ! उनका अलार्म खराब है!"

गार्डनं तिचं तोंड पाहिलं आणि आतला फोन उचलला. पलीकडून कोणी सांगितलं, गुलाबराव पाइपाजवळ आहेत, माणूस पाठवतो. मग किती तरी वेळ कोणीच आलं नाही. मोनाली गेटाच्या गजाला धरून उभी.

शेवटी गुलाबराव आले, तणतणतच. "चार लोकांत माही इज्जत काढून राहिली का तू?"

मोनालीनं त्यांच्या छातीवरचं चाचणीचं बटण दाबलं. टीं. दिवा विझला.

गुलाबराव गार्डच्या स्टुलावर बसले. "तुह्या मायले सांगू नको."

"तिले माहीत आहे, बाबा."

"मेलो," म्हणत ते हसायला गेले, पण भोंग्याचा चिमटा काही त्यांच्या बोटांना निघेना. मोनालीनं काढायला हात लावला, तर तिच्याही बोटांना तो निघेना.