तो ‘हो’ म्हणाला तर?

रफीक गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात गिऱ्हाइकापुढे साड्या उलगडत होतो. पलीकडे त्याचा धाकटा भाऊ. “शेठ, भाई गया...” एवढंच बोलून त्याने दुसऱ्याच्या हाती फोन दिला. सकाळी फिरून आला, छातीत दुखतंय म्हणाला आणि दवाखान्यात पोचायच्या आतच संपला. अर्धवट उलगडलेली साडी तशीच टाकून मी निघालो.

आम्ही नंदुरबारात एका बाकावर शिकलो. त्यांचं घर बांगड्या विकणारं, आमचं राजस्थानातून आजोबांच्या वेळी आलेलं, कापडाचं. तो फौजेत गेला आणि हवालदार झाला. सुट्टीवर आला की माझ्या गादीवर तासन्‌तास बसायचा. मला सगळंच जाणून घ्यायचं असायचं... बर्फ, बंदुका, सरहद्द. तो सांगायचा काय, तर मेसमधली डाळ किती पातळ असते ते! पण एका सुट्टीत तो आपणहून बोलला. त्याला नवं काम मिळालं होतं. कोवळ्या जवानांना शिकवायचं, की जोडीदाराच्या मनात जीव द्यायचं येतंय का, हे कसं ओळखायचं आणि कसं विचारायचं.

“हे डॉक्टरचं काम ना?” मी म्हणालो.

“डॉक्टरकडे तो जास कोठे?” रफीक अहिराणीत म्हणाला. “बाजूना खाटवालाले पहिले समजस.”

त्याच्या तुकडीतला एक मुलगा तसा गेला होता. बडबड्या पोरगा गप्प होत गेला, आवडते बूट कुणाला तरी देऊन टाकले. सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांना वाटलं, घरची आठवण येत असेल. त्याने असं का केलं, यावर बराकीत पुष्कळ बोलणं झालं. रफीकला मात्र वेगळंच कोडं पडलं होतं. आपण एवढे जण होतो, तर एकानेही विचारलं कसं नाही? मी त्याला माझी शंका सांगितली, की असं विचारून उलट नसलेला विचार डोक्यात घातल्यासारखं नाही का होणार? तो हसला. म्हणाला, तो विचार आधीच तिथे असतो रे, फक्त पोरगा त्याच्यासोबत एकटा असतो. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “चल, मी तो पोरगा. इचार माले.” मी घसा साफ केला. “काय मग... तब्येत बरी ना?” “सरळ इचार!” मी पुन्हा तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. दिवसभर अनोळखी माणसांशी बोलून पोट भरणारा मी. पण ते वाक्य ओठांपर्यंत येईना.

पुढच्या एका सुट्टीत आम्ही मिरचीच्या पथारीवर, मिरची वाळवायच्या माळावर गेलो होतो, त्याच्या बायकोच्या, शबानावहिनींच्या मसाल्यासाठी मिरची घ्यायला. नजर जाईल तिथवर लाल वाळवण, आणि आम्ही दोघं शिंकून बेजार. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने शिकवलेला एक जवान होता. आवाज इतका घाबरलेला की मलाही ऐकू येत होतं. हिंदीत म्हणत होता, “उस्ताद, मी विचारलं. तो हो म्हणाला. आता काय करू?” रफीक आहे तिथेच उभा राहिला. “आत्ता कुठे आहे तो? त्याला एकटा सोडू नकोस. दुसऱ्या कुणाला पाठवून साहेबांना कळव, डॉक्टरकडे त्याच्यासोबत तू जा.” पलीकडचा रडकुंडीला आला, “कुणाला सांगणार नाही अशी शपथ घातलीय त्याने.” “मोड शपथ. तो चिडेल. चिडू दे.” मग रफीकने तिथल्या साहेबांना स्वतः फोन लावला. तो मुलगा वाचला. उपचार झाले, रजा मिळाली. शपथ मोडणाऱ्याशी मात्र कितीतरी दिवस बोलला नाही. नंतर त्या वाचलेल्या मुलाच्या बहिणीच्या लग्नात तोच जोडीदार वाढपी म्हणून धावत होता, हे सांगताना रफीक मिशीतल्या मिशीत हसला होता.

रफीकला जाऊन आता काही महिने झाले. गेल्या आठवड्यात शबानावहिनींकडे गेलो. त्या स्वयंपाकघरात लसूण सोलत होत्या. मी म्हणालो, तुकडीतल्या त्या पोरामुळेच रफीक या कामात ओढला गेला. त्यांनी सोललेली पाकळी परातीत टाकली.

“त्याना पहिले माले इचारं व्हतं.”

तुकडीतल्या त्या पोराच्याही आधीची गोष्ट. पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. रफीक रजेवर आला, या पाटावर बसला आणि त्याने तोच प्रश्न विचारला. वहिनी ‘हो’ म्हणाल्या.

“मग काय म्हणाला तो?” मी न राहवून विचारलं.

“काहीच नही. बठना फक्त. चहा थंडा हुई गया. मंग धुळ्याले डॉक्टरकडे लई गया, रजा वाढाई लिनी.”

इतकी वर्षं मी त्याला नको ते प्रश्न विचारत आलो, आणि हे त्याने कधी सांगितलं नाही. अजून पुष्कळ विचारायचं होतं... पण दारात शेजारची तरुण सून येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले. वहिनींनी लसणाची परात बाजूला सारली, पाट तिच्याकडे सरकवला आणि मला म्हणाल्या, “शेठ, तुम्ही आते घर जा.”

मी ओसरीवर येऊन चपला घालायला मुद्दाम वेळ लावला. आतून वहिनींचा आवाज आला. तोच प्रश्न, सरळ. मग मी निघालो.