शिल्लक माल

कॉलेजातल्या मुलांनी तिचं नाव 'पैमॅडम' ठेवलं होतं, आणि हे तिला ठाऊक होतं. पै न पै जुळल्याशिवाय ती कुणाला वही मिटू द्यायची नाही. ताळेबंद लाखाने चुकलेला असो की एका पैने, तिच्या लेखी दोन्ही सारखेच, दोन्हींवर तांबडी फुली. बावीस वर्षं हिशेब शिकवून माणसाचा स्वभावही तसाच होत जातो. घराला कुलूप लावून ती दोन जिने उतरायची, आणि परत वर जाऊन कुलूप ओढून बघायची. शेजारीण म्हणायची, "तुमच्याकडे चोर शिरला, तर बिचारा वह्या तपासत बसेल हो." ती हसायची आणि तरीही कुलूप ओढायची.

घर म्हणजे दोन खोल्या. नवरा अचानक गेला तेव्हा घराचे हप्ते निम्मे राहिले होते आणि तिची नोकरी नुकती लागलेली. पुढची दोन वर्षं ते हप्ते तिच्या थोरल्या भावाने भरले. दादाचा फर्निचरचा छोटा कारखाना होता. न मागता भरले आणि नंतर कधी विषयसुद्धा काढला नाही. असल्या उपकाराची फेड कशाने करायची? तिला एकच विद्या येत होती. तेव्हापासून कारखान्याचे हिशेब ती लिहीत आली होती, एक पैसा न घेता.

आणि आता दादाला कारखान्यासाठी पंधरा लाखांचं कर्ज हवं होतं. बँक तारण मागत होती, आणि तारण म्हणजे तिच्या दोन खोल्या. उद्या सकाळी अकराला सही.

"नुसती सही गं," दादा फोनवर म्हणाला होता. "वर्षभरात तुझं घर मोकळं करतो."

"हो रे, त्यात काय एवढं," ती म्हणाली, आणि त्यानंतर आठ दिवस तिला धड जेवण गेलं नाही.

सांगणार तरी कुणाला? कागद चोख होते, तिच्याच हातचे. पाच वर्षं ओळीने तीन-तीन लाख नफा. भाऊ सरळमार्गी, धंदा बरा, मग भीती कशाला वाटावी? आपलीच नियत फिरली म्हणून अशी भीती वाटते, असं ती स्वतःला दटावायची. दटावून झोप थोडीच येते.

त्या दिवशी दुपारी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात आर्थिक विश्लेषण सुरू करायचं होतं. पुस्तकातली उदाहरणं वर्षानुवर्षं तीच, आणि त्यांची उत्तरं वरच्या वर्गाच्या वह्यांतून वारसाहक्काने खाली आलेली. बँकेसाठी काढलेले दादाचे कागद तिच्या पिशवीत होते. कारखान्याच्या नावावर तिने कोरी पट्टी चिकटवली आणि ऑफिसात जाऊन चाळीस प्रती काढल्या. मुलांना खरा धंदा बघायला मिळेल, हे तिने स्वतःला दिलेलं कारण. खरं कारण असं, की कुणीतरी परक्याने ते कागद बघावेत आणि ठीक आहे म्हणावं, एवढीच तिची तहान होती.

"आतापर्यंत आपण हिशेब लिहायला शिकलो," ती वर्गाला म्हणाली. "आजपासून वाचायला शिकायचं. समजा, हा माणूस तुमच्याकडे उसने पैसे मागायला आलाय. द्याल का?"

"देऊ की मॅडम," पहिल्या बाकावरचा एकजण म्हणाला. "चाळीस लाखांच्या विक्रीवर तीन लाख नफा. साडेसात टक्के. आणि पाचही वर्षं सुटलेला आहे."

तिच्या छातीवरचा धोंडा जरा हलला. तिने फळ्यावर साडेसात हा आकडा नको तेवढा मोठा काढला.

शेवटच्या बाकावर एक मुलगी बसायची. सकाळी औषधांच्या दुकानात काम करून दुपारी कॉलेजला यायची, म्हणून सगळे तिला मेडिकलवाली म्हणत. तिने हात वर केला नाही, बसल्या जागेवरूनच विचारलं. "मॅडम, पण याच्याकडे पैसा कुठंय?"

"म्हणजे?"

"चाळीस लाखांची विक्री पहिल्या वर्षाची, आता ती सदतीसवर आलीय. आणि न खपलेला माल सहा लाखांचा बावीस लाख झालाय. एका वर्षात तीनने वाढला, मग चारने, परत चारने, मग पाचने. म्हणजे नफा सगळा मालात जाऊन बसलाय, वर लाकूडवाल्याची उधारी वाढतीय."

"माल म्हणजे पण मालमत्ताच ना," पहिला बाक म्हणाला.

"खपला तर. आमचा मालक मुदत संपलेल्या गोळ्या वेगळ्या खोक्यात टाकतो. त्या हिशेबात धरल्या तर आमच्याएवढा श्रीमंत कुणी सापडायचा नाही." वर्ग हसला. मुलगी हसली नाही. "हा माल मोजला कुणी, मॅडम?"

पैमॅडमच्या हातात खडू तसाच राहिला. वर्षअखेरीला शिल्लक माल जितका मोठा धराल, तितका त्या वर्षाचा नफा फुगतो, हे तिनेच गेल्या महिन्यात याच फळ्यावर शिकवलं होतं. आणि स्वतः काय करत होती? दर वर्षी फोन लावायची. "दादा, शिल्लक माल किती धरू?" पलीकडून उत्तर यायचं, "गेल्या वर्षीपेक्षा थोडा जास्तच आहे," पाठोपाठ आकडा, आणि ती तो लिहून घ्यायची. एखाद्या विद्यार्थ्याने असं केलं असतं तर तिने त्याला उभं केलं असतं. कारखान्यात ती कितीदा तरी गेली होती, चहा पिऊन आली होती, पण मागच्या शेडमध्ये एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. ज्याने आपलं घर वाचवलं, त्याला माल मोजून दाखव कसं म्हणायचं?

"पुढच्या तासाला सांगते," ती म्हणाली. बावीस वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

चार वाजता ती कारखान्यात पोचली. दादा बाहेर गेला होता. तिने सुताराकडून किल्ली घेतली आणि मागची शेड उघडली. आत कॉम्प्युटरची टेबलं होती. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, एकावर एक रचलेली, पार छतापर्यंत. खाली कीबोर्डचा सरकता खण, बाजूला कॉम्प्युटरचा डबा ठेवायची जागा. धूळ एवढी, की बोटाने नाव लिहिता आलं असतं. तिने पिशवीतून वही काढली आणि पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. मोजताना आकडे दोनदा चुकले, दोन्ही वेळा तिने पहिल्यापासून मोजलं.

शंभराच्या पुढे गेली तेव्हा दारात दादा उभा होता. "हे काय चाललंय?"

"मोजतेय."

"उद्या सही, आणि आज मोजणी?"

"ही टेबलं कोण घेणार, दादा? मांडीवर कॉम्प्युटर घेऊन बसतात आता लोक."

दादा एका ओंडक्यावर टेकला. "एका मोठ्या ऑफिसने मागवली होती. मग नको म्हणाले. पण सहा सुतारांना घरी कसं बसवायचं? एकदा गेलेला कारागीर परत येत नाही. म्हणून बनवत राहिलो. खपतील कधीतरी, म्हटलं."

"आणि मला आकडा कुठला सांगायचास?"

"जेवढा खर्च झाला तेवढाच. खोटं नाही सांगितलं कधी."

ते खरंच होतं, आणि म्हणूनच तिला रडू आलं. लबाड भावाशी भांडता तरी आलं असतं.

"आणि तू दर वर्षी नफा लिहून आणायचीस," तो म्हणाला. "त्या जोरावर मी घरात खर्च केला, पगार वाढवले. एवढी शिकलेली तू, तुला दिसलं नाही?"

"मी लिहीत होते. वाचलंच नाही." मग तिने श्वास घेतला. "दादा, उद्या मी सही करणार नाही."

शेजारी करवत चालू होती, ती थांबली, परत सुरू झाली.

"तुझे हप्ते भरले," तो हळूच म्हणाला, "तेव्हा मी काही मोजलं नव्हतं."

बरं, करते सही, हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. एवढं एक वाक्य बोललं की सगळं पहिल्यासारखं झालं असतं, निदान वर्षभर. पण ती भयंकर घाबरली होती. आपल्या दोन खोल्यांसाठी तर होतीच, पण समोरच्या या दमलेल्या माणसासाठी जास्त. पंधरा लाख हातात आले की तो सुतारांना बसू देणार नव्हता, आणखी टेबलं बनवणार होता. तिने पदराने डोळे पुसले, पाठ फिरवली आणि उरलेली रांग मोजायला लागली. एकशे ब्याऐंशी, एकशे त्र्याऐंशी, एकशे चौऱ्याऐंशी. खाली रेघ ओढली.

मागे ओंडका हलल्याचा आवाज आला. दादा उठून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला होता.

"बेरीज करू नकोस एवढ्यात," तो म्हणाला. "बँकेला सकाळी मीच नको म्हणून कळवतो. त्या पत्र्यामागे अजून एकवीस आहेत. लिही."