खंडेनवमीची झोप

इंदापुरातल्या आमच्या लॅबचा जुना सर्व्हर सुरू झाला, पण बॅकअपचं सॉफ्टवेअर उघडताच बंद पडायचं. सगळ्या रुग्णांचे रिपोर्ट त्या एकाच मशीनवर. माझा जीव टांगणीला.

भिगवणहून आलेल्या मेकॅनिकनं ताप बघावा तसा मशीनवर हात ठेवला. मग वरचा सुकलेला झेंडू पाहिला.

“खंडेनवमीला बंद केलता का?”

“पूजेपुरता. एरवी कधीच नाही.”

तो हसला. मशीन बंद असताना तारीख सांभाळणारा आतला सेल उतरल्यानं ती कित्येक वर्षं मागं गेली होती, आणि चुकीच्या तारखेवर बॅकअपचं सॉफ्टवेअर चालत नव्हतं. त्यानं सेल बदलला, तारीख लावली आणि बॅकअप सुरू झाला.

“पूजा करा, पण चालू ठिवून. नवा सेलबी कधीतरी उतरंल. म्हातारं हाय, झोपवलं की उठल्यावर साल इसरतंय.”

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. निघताना त्यानं मशीनला हात जोडले. मी त्याला जोडले.